कंट्रोलर साहेबांचे घोडे

खामगावात आमच्या गल्लीतून वरात निघाली की बाकीचे लोक गॅलरीत येतात. वानखडे कंट्रोलर रस्त्यावर येतात. नवरदेवाकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. सरळ घोड्यासमोर उभे राहतात, हात वर करून वरात थांबवतात, मग खाली वाकून घोड्याचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून उचलतात आणि खूर न्याहाळतात. घोडा तीन पायांवर येतो. वरचा नवरदेव एका अंगाला कलतो, फेटा सावरायचा की लगाम, हे न कळून घोड्याची मान धरतो. बँडवाल्यांचा सूर हळूहळू विझतो.

"नाल ढिली आहे," कंट्रोलर साहेब जाहीर करतात. "नवरदेव, खाली उतरा. लगन पायी गेल्यानंबी लागते. नोंद घ्यावी."

नवरीकडची मंडळी घाबरून विचारतात, हे कोण? पायात गुडघ्यापर्यंत हिरवे रबरी बूट, अंगात लुंगी-बनियन आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसावीत. आम्ही सांगतो, "इंग्लंडहून आले आहेत." मग कोणी काही बोलत नाही. आपल्याकडे इंग्लंडहून आलेल्या माणसाला वेडं म्हणायची पद्धत नाही.

दिगंबरराव वानखडे हे माझे शेजारी. भिंतीला भिंत. सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. कंट्रोलर म्हणजे काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आणि कधी सुटणार हे माइकवर सांगणारा माणूस. स्टँडवरचा माइक बरेचदा बिघडलेला असे. पण त्यावाचून कोणाचीही गाडी चुकली नाही. निवृत्त झाल्यावर स्टँडवर शांतता पसरली आणि ती सगळी गडबड आमच्या गल्लीत राहायला आली. घरी पाहुणे आले की आतून आवाज येई, "चहा लागलेला आहे. बिनसाखरेवाल्यांनी डाव्या बाजूले बसावं. नोंद घ्यावी." वानखडे काकू होत्या तोवर त्या आतूनच म्हणत, "मी नोंद घेतली, आता गप बसा." काकू गेल्यावर नोंद घेणारं घरात कोणी उरलं नाही. ते काम आपोआप माझ्याकडे आलं. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे ते मला मास्तर म्हणतात आणि मला भरपूर रिकामा वेळ आहे असं गृहीत धरतात. ते खोटंही नाही.

त्यांची मुलगी सीमा लग्न करून वेल्समध्ये गेली. वेल्स हे इंग्लंडच्या शेजारी आहे, इंग्लंड नाही, हे मी गल्लीला अनेकदा समजावलं. गल्लीनं त्याचं लंडन करून ठेवलं ते ठेवलंच. एका उन्हाळ्यात जावयाला कंपनीनं काही महिन्यांसाठी कॅनडात पाठवायचं ठरवलं. सीमाही जाणार. मागे बंगला, बगीचा आणि एक मांजर. तिकडे घर राखायला परका माणूस ठेवायचा म्हणजे त्याची चौकशी करावी लागते, मुलाखत घ्यावी लागते. बापाची घ्यावी लागत नाही. सीमाचा फोन आला, "बाबा, या न इकडे. किती दिवसांपासून म्हणून राह्यली मी."

कंट्रोलर साहेबांनी गल्लीत जाहीर केलं, "पोरीनं जग पाहाले बोलावलं."

गल्लीनं मोठ्या मनानं निरोप दिला. कोणी लिंबाचं लोणचं दिलं, कोणी येताना आणायच्या वस्तूंची नावं तोंडपाठ करून घेतली. घराची किल्ली माझ्याकडे आली. तुळशीला पाणी कधी, मोटर कधी सुरू करायची, देवाजवळ दिवा कोणी लावायचा, हे सगळं मला माइकच्या आवाजात सांगण्यात आलं. अशा रीतीनं ते वेल्समध्ये मुलीचं घर राखू लागले आणि मी खामगावात त्यांचं. जग पाहायला दोघांनाही कोणी नेलं नाही.

तिथं पोचल्यावर आठवड्याभरात मुलगी-जावई विमानात बसले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या घरी व्हिडिओ कॉल येऊ लागला. आमची ही मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवी आणि स्वयंपाक करता करता वेल्स बघे. वेल्समध्ये बघण्यासारखं एवढंच होतं : खिडकी, खिडकीत मांजर, बाहेर पाऊस.

"मास्तर, इथी मानूसच नाई दिसत," ते म्हणत. "सकाळपासून एक पोस्टमन दिसला. त्याले म्हटलं चहा घे, त पळून गेला."

एके दिवशी मात्र फोन भलत्याच वेळी आला. मी वर्गात होतो. उचलला नाही, तर पाठोपाठ घोड्याचा फोटो आला. आमच्या सीमाच्या बगीच्यात, गुलाबाच्या वाफ्यात, एक दांडगा तपकिरी घोडा.

झालं होतं असं. गल्लीच्या टोकाला, म्हणजे तिकडच्या हिशेबानं बऱ्याच लांब, एका बाईंचं घोड्यांचं आश्रयस्थान होतं. कोणी टाकून दिलेले, कोणी मारून-उपाशी ठेवून हाल केलेले घोडे त्या आणून सांभाळत. त्यातला एक कुंपण ओलांडून आला आणि सीमाचे गुलाब खाऊ लागला. कंट्रोलर साहेब घराचे प्रभारी. घोड्याला ते जन्मभर भ्यायले होते, पण ड्युटी ती ड्युटी. ते दारात उभे राहिले आणि दुसरं काही सुचेना म्हणून स्टँडवर गाडी मागे घ्यायला लावत तसे ओरडले, "ए! मागं घे! येऊ दे… येऊ दे… अजून येऊ दे… डावी मार… बस!" आणि घोडा, खरोखर, एकेक पाऊल मागे सरकत फाटकातून रस्त्यावर गेला. तेवढ्यात दोरखंड घेऊन धावत आलेल्या त्या बाई फाटकाशी थक्क होऊन थांबल्या. म्हणाल्या, तुम्हाला घोड्यांची चांगलीच माहिती दिसते.

कंट्रोलर साहेबांनी नाही म्हटलं नाही. मला रात्री म्हणाले, "मास्तर, पाय अशे लटलट कापून राह्यले होते का सांगू नोका. पन विलायती बाई बोलली, आता नाई कशाले म्हना?"

बाईंचं नाव ग्वेन. दुसऱ्या दिवसापासून त्यांची गेनाबाई झाली. आणि कंट्रोलर साहेब तिथं रोज जाऊ लागले. मांजराला खायला घालून, घराला कुलूप लावून, नवे हिरवे बूट चढवून.

आश्रयस्थानातल्या घोड्यांची नावं त्यांना उच्चारता येत नव्हती. एकाचं नाव तर असं होतं की ते घेताना समोरच्यावर थुंकी उडे. मग त्यांनी आपल्या सोयीनं एसटीच्या गाड्यांची नावं ठेवली. गुलाब खाणारा तो विनाथांबा. कुंपणाच्या कडेनं दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारणारी घोडी खामगाव-शेगाव. एक जाडी पांढरी घोडी, कोणी पाठ खाजवली की डोळे मिटणारी, ती निमआराम. आणि कोपऱ्यातल्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा, एका डोळ्यानं आंधळा, म्हातारा करडा घोडा, तो साखरखेर्डा मुक्कामी. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात जाऊन थांबणारी. एकदा लागली की सकाळपर्यंत काही केल्या हलत नाही.

कामं तीच, जी गोठ्यात असतात. लीद काढायची, गवत टाकायचं, पाणी भरायचं. त्यांचे फोटो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर येऊ लागले. फोटोत घोडा असे, कंट्रोलर साहेब असत, हातातलं लीद उचलायचं खोरं मात्र प्रत्येक वेळी फोटोच्या कडेबाहेर राहिलेलं असे. एका फोटोत ते चुकून आलं. संग्रामपूरकडच्या त्यांच्या गावाहून मोठ्या भावाचा लगेच फोन गेला. दोघांचा तो संवाद पुढे त्यांनीच मला ऐकवला.

"दिगू, बापाच्या गोठ्यात तू कधी शेनाचा पो उचलला नाई. बैल पाहाले नाकाले रुमाल लावून ये. आन तिथी गोऱ्यायची लीद काढून राह्यला?"

"दादा, ही लीद नाई. याले इथी स्वयंसेवा म्हनतात."

भावानं फोन ठेवला. पण आमच्या गल्लीला तो शब्द फार आवडला. त्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या उकिरड्याजवळ बांधलेल्या म्हशींना कोणी हातही लावला नाही, पण वेल्सच्या लिदीचं कौतुक घराघरात झालं.

थोड्याच दिवसांत गेनाबाईंच्या लक्षात आलं की या गृहस्थांना खोरं फारसं चालवता येत नाही. त्यांनी त्यांना दुसरं काम दिलं. मुक्कामी घोड्याला आधीच्या मालकानं फार मारलं होतं. माणसाचा हात जवळ आला की तो थरथरायचा, भिंतीत शिरू पाहायचा. अशा घोड्याजवळ रोज कोणीतरी नुसतं बसायचं, हात न लावता बोलत राहायचं, म्हणजे त्याला माणसाच्या आवाजाची सवय होते. बाकीचे लोक त्याला पुस्तक वाचून दाखवत. कंट्रोलर साहेबांना म्हणाल्या, तुम्ही तुमच्या भाषेत बोला.

एवढं सुख त्यांना निवृत्तीनंतर कोणी दिलं नव्हतं. शेडसमोर खुर्ची टाकून, वर छत्री धरून ते बसू लागले. पण भिंतीकडे तोंड केलेल्या घोड्याशी बोलणार काय? पहिले काही दिवस त्यांनी खामगाव स्टँडचं अख्खं वेळापत्रक म्हटलं. सकाळच्या पहिल्या गाडीपासून, मधल्या सगळ्या थांब्यांसह. मग सुट्यांच्या जादा गाड्या. मग कोणती गाडी कोणत्या पुलाजवळ नेहमी बंद पडे. वेल्समधल्या एका घोड्याला बुलडाणा जिल्ह्यातले सगळे फाटे पाठ झाले. माझ्या वर्गात एवढा वेळ कोणी ऐकलं असतं तर मी पाया पडलो असतो.

"कान हालवते," ते सांगत. "बुलडान्याची गाडी म्हटली का कान इकडं करते. जळगाव जामोद म्हटलं का नाई करत."

"का बरं?"

"आता मले काय म्हाईत मास्तर? असन काई."

असे कित्येक दिवस गेले. आधी कान वळले, मग मान वळली. मग घोडा एक पाऊल पुढे आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे गेला. आमची ही पोळ्या लाटता लाटता विचारी, "आज कुठवर आला?" आमच्या घरात एखाद्या सोयऱ्याच्या तब्येतीची चौकशी व्हावी तशी ती चौकशी व्हायची. आणि मग एका संध्याकाळी फोन आला. पडद्यावर आधी नुसतं करडं काहीतरी दिसलं, केसाळ. मग कळलं, ते घोड्याचं नाक होतं, आणि ते कंट्रोलर साहेबांच्या खांद्यावर टेकलेलं होतं. साहेब हलत नव्हते. ओरडायचं होतं पण ओरडता येत नव्हतं, म्हणून दातओठ आवळून पुटपुटत होते, "मास्तर… लागली… मुक्कामी फलाटाले लागली…"

आमच्या हिनं हातातली पोळी तव्यावर करपू दिली.

सीमा आणि जावई परत आले, गुलाबाचा वाफा बघून काय म्हणायचं ते म्हणाले, आणि दिवाळीआधी कंट्रोलर साहेब खामगावात उतरले. गल्ली स्वागताला जमली होती. बॅग उघडली. तीत चॉकलेटं नव्हती, अत्तर नव्हतं, सांगितलेली कुठलीच वस्तू नव्हती. हिरवे बूट होते, घोड्याला खरारा करायचा ब्रश होता आणि खुरातली घाण काढायचा एक आकडा होता. गल्ली हिरमुसून पांगली. तुळशीचं लग्न लागलं आणि गल्लीत वराती थांबू लागल्या.

आता अशा माणसाला गाव तसंच सोडत नाही. आमच्या वॉर्डात नगरसेवकपदासाठी इच्छुक असलेले बाळूभाऊ म्हणून एक कार्यकर्ते आहेत. ते बरीच वर्षं इच्छुक आहेत. त्यांनी नागरी सत्कार जाहीर केला. चौकात बॅनर लागला. "सातासमुद्रापार अश्वसेवेचा झेंडा रोवणारे खामगावचे सुपुत्र." खाली उधळलेल्या शर्यतीच्या घोड्यावर एक पिळदार स्वार, आणि त्याच्या मानेवर कंट्रोलर साहेबांच्या सेवापुस्तकातला चष्म्याचा फोटो चिकटवलेला. बाजूला त्याहून मोठा फोटो बाळूभाऊंचा.

सत्काराच्या सकाळी डीजे लागला. आणि सत्कारमूर्तींना मिरवत न्यायला घोडा आणला. हनिफभाईंचा सुलतान. हनिफभाई म्हणजे गावातल्या निम्म्या लग्नांना घोडा पुरवणारा माणूस. लग्नसराईत तो आणि घोडा दोघंही उभ्याउभ्याच झोपतात. सुलतानच्या अंगावर मखमली झूल, डोक्यावर तुरा, गळ्यात माळा.

"बसा साहेब," बाळूभाऊ म्हणाले. "मीडियावाले आलेले आहेत." मीडियावाले म्हणजे त्यांचा भाचा, मोबाईल घेऊन.

कंट्रोलर साहेबांनी नेहमीप्रमाणे आधी खूर पाहिले. मग झुलीखाली हात घातला. हात बाहेर काढला तर बोटं ओली होती. त्यांनी तिथंच पट्टा सोडला आणि जीन खाली उतरवलं. पाठीवर तळहाताएवढी जखम होती, कच्ची. झुलीच्या जरतारीखाली ती कोणाला दिसायचं कारणच नव्हतं.

डीजेचा आवाज मोठा होता, पण कंट्रोलर साहेबांचा त्याहून मोठा निघाला.

"ही गाडी नादुरुस्त आहे! ही गाडी सुटनार नाई! प्रवाशांनी पायी जावं!"

"अहो साहेब, दोनच चौक आहेत," बाळूभाऊ कानाशी लागले. "लोक वाट पाहून राह्यले. बॅनरवर घोडा दाखवला आपन."

"मंग बॅनरवर बसा."

सत्कारमूर्ती घोड्याचा लगाम हातात धरून पायी निघाले, मागे बाळूभाऊ पायी, मागे डीजे. सभागृहाच्या फाटकाला घोडा बांधूनच ते व्यासपीठावर चढले. शाल-श्रीफळ घेतलं. दोन बोलावं अशी विनंती झाल्यावर त्यांनी सभेला विचारलं, "इथी बसलेल्यापैकी या घोड्यावर लगनात कोन कोन बसलं होतं? हात वर करा." बरेच हात वर गेले, हौसेनं. "मंग बाहीर जाऊन त्याची पाठ पाहून या. आन पाठ बरी होईस्तोवर एकानंबी याले वरातीले बोलवायचं नाई. नोंद घ्यावी." टाळ्या झाल्या. आपल्याकडे सत्कारात काहीही बोललं तरी टाळ्या होतात.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, फाटकाशी उभा असलेला हनिफभाई. सभा संपल्यावर तो कंट्रोलर साहेबांसमोर आला. ओरडला नाही.

"साहेब, मले चार माणसायसमोर उघडं पाडलं, ठीक आहे. चूक माझी आहे. सुलतानले आराम देतो, कबूल. पन मंग मले कोन आराम देईन? हाच सीझन आहे. घरी खानारी तोंडं तुमी मोजली का?"

कंट्रोलर साहेबांनी श्रीफळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. वेल्समध्ये घोड्याच्या मागे मालक नव्हता, म्हणून दया करणं सोपं होतं. इथं मालक समोर उभा होता आणि त्याचेही डोळे पाण्यानं भरले होते.

त्या दिवशी दुपारी पलीकडून काहीतरी उसवल्याचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं. त्यांनी आपल्या पलंगावरची गादी उसवून कापूस बाहेर काढला होता. शेजारच्या पलंगावर काकूंची गादी होती. तिला हात लावलेला नव्हता.

"खामगावचा कापूस आहे, मऊ," ते म्हणाले. "हनिफले जीनखाली टाकाले चांगली जाड गादी करून देतो. जखमेच्या जागी मधात भोक ठेवाचं, म्हनजे दाब येत नाई. गेनाबाई तसंच करे."

"आणि तुम्ही कशावर झोपणार?"

"मी कुठी वरात घेऊन चाललो?"

गादी झाली. पण ती घेऊन जाण्यापेक्षा कठीण काम त्यांनी केलं. ज्यांच्या घरी लग्नं होती त्या घरोघरी ते गेले आणि जखम भरेपर्यंत सुलतानला नुसतं हातानं धरून नवरदेवापुढे चालवा, वर बसू नका, पण बोलावणं हनिफलाच करा, अशी गळ घातली. काहींनी ऐकलं. काहींनी ऐकलं नाही आणि जीप सजवली. तरी हनिफभाईचा सीझन कसाबसा निघाला. पुढं कंट्रोलर साहेब रोज सकाळी बूट चढवून त्याच्या शेडवर जाऊ लागले. हनिफभाईला सुरुवातीला त्यांची अडचण व्हायची. नंतर तो त्यांच्या वाटचा चहा वेगळा काढून ठेवू लागला.

हे सगळं मी गल्लीत हसत हसत सांगायचो. वर्गातही सांगितलं आहे. माणसाला एक नाद लागतो, वय झालं की जरा जास्तच लागतो, असं माझं मत होतं.

मग लग्नसराई संपता संपता एक दिवस सकाळीच हनिफभाई धापा टाकत गल्लीत आला. आदल्या दिवशीच्या लग्नात कोणीतरी लाडानं सुलतानला उरलेली बुंदी आणि पुऱ्या बादलीभर चारल्या होत्या. आता तो पोटाकडे मान वळवून वळवून पाहत होता, पाय आपटत होता, खाली लोळायला बघत होता.

"लोळू देऊ नको!" कंट्रोलर साहेब बूट घालता घालता ओरडले. "आतडी पिळते!"

त्या दिवशी मला सुट्टी होती. मीही मागे गेलो. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते दूरच्या गावात होते, निघालो म्हणाले. तोवर घोड्याला चालवत ठेवा. शेडसमोरच्या मोकळ्या जागेत कंट्रोलर साहेब आणि हनिफभाई त्याला चालवत राहिले. घोडा मध्येच गुडघे टेकायला बघे, घामानं निथळत होता. दोघं दोन बाजूंनी त्याला उचलून धरल्यासारखे करत. मला वाटलं होतं, साहेब ओरडतील, घोषणा करतील. तसं काहीच झालं नाही. ते घोड्याच्या कानाशी लागून बोलत होते, एवढं हळू की मला शेजारी चालूनही शब्द कळत नव्हते. वानखडे कंट्रोलरना एवढ्या हळू बोलता येतं, हे मला शेजारी राहूनही ठाऊक नव्हतं.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. म्हणाले, आता लीद टाकली की सुटला. आम्ही तिघं त्या घोड्याच्या मागे उभे राहून वाट बघू लागलो. मराठीच्या प्राध्यापकानं आयुष्यात कशाची वाट बघावी, याला काही धरबंध नाही. ऊन डोक्यावर आलं आणि सुलताननं शेपूट उचललं. हनिफभाई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मग घरात सांगायला पळाला.

कंट्रोलर साहेब शेडच्या भिंतीला टेकून खाली बसले. बूट काढले. पाय सुजले होते. मी शेजारी बसलो आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, "साहेब, तुमच्या हाताला यश आहे. वेल्सचा मुक्कामी वाचवला, हा वाचवला. तो कसा आहे आता? गेनाबाईंचा फोन येतो का?"

ते सुलतानकडे बघत राहिले.

"तिकडला नाई वाचला मास्तर."

मी त्यांच्याकडे वळलो.

"म्हातारा होता. आतून पोखरला होता. गेनाबाईनं डाक्टर बोलावला. डाक्टर म्हने, आता नुसते हाल आहेत, सुई देऊन टाकू. गेनाबाईनं मले इशाऱ्यानं सांगतलं, तुमी घरी जा, पाहू नका. म्या म्हटलं, नाई. डोकं म्या धरतो. बाकी कोनाच्या हातानं तो भेत होता."

"मग?"

"मंग काई नाई. पाऊस येऊन राह्यला होता. म्या त्याले तेच सांगत होतो. पाऊस आहे, थांबलो आहे मी. एवढंच. दुसरं काई आठवलं नाई."

हनिफभाईच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता. सुलतान पाण्याच्या बादलीत नाक घालून फुरफुरला.

"घरी आलो. पोरीले फोन लावला, ती मीटिंगात होती. मांजर होतं, त्याले दूध देल्लं. मंग तुमाले लावला. तुमाले नसन आठवत. म्या म्हटलं, मास्तर, मोबाईल घेऊन जरा माह्या घरातून फिरून या."

मला आठवत होतं. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मला वाटलं होतं, यांना मोटर चालू राहिल्याचा किंवा चोरीचा संशय आला असेल. किल्ली घेऊन गेलो, कुलूप काढलं आणि मोबाईल पुढे धरून भराभरा फिरलो. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, देवघर. हे बघा, सगळं जागेवर आहे. ते मधूनच म्हणाले होते, थोडं हळू चाला मास्तर. स्वयंपाकघरात काकूंच्या ओट्यापाशी म्हणाले होते, इथी जरा थांबा. मी थांबलो होतो. नेटवर्क गेलं असेल असं समजून थोड्या वेळानं हॅलो हॅलो केलं होतं.

"तेव्हा सांगायचं की हो," मी म्हणालो. "बोलला का नाहीत?"

"काय सांगू?" ते हसले. "तुमी म्हटलं असतं, घोडाच त होता."

हनिफभाई तीन कप चहा घेऊन आला. आम्ही तो तिथंच, लिदीच्या वासात बसून प्यायलो. चहा झाल्यावर कंट्रोलर साहेब भिंतीला हात टेकून उठू लागले. सुलतानला अजून एक फेरी मारायला हवी होती. मी म्हटलं, तुम्ही बसा, तुमचे पाय सुजलेत. आणि उठून सुलतानची दोरी हातात घेतली. मला घोड्याची भीती वाटते. तो एवढ्या जवळून केवढा मोठा असतो, हे लांबून कळत नाही.

"काई करत नाई तो," मागून कंट्रोलर साहेब म्हणाले. "बोलत राहा त्याच्याशी. काईबी बोला."

मला काही सुचेना. मग मी त्याला माझं नाव सांगितलं.